ॲना फ्रॉइड : मुलाच्या मनाला आधार देताना घराचाही विचार

सप्टेंबर १९३९ मध्ये दुसरे महायुद्ध पेटताच ब्रिटिश सरकारने लंडन आणि इतर मोठ्या शहरांतील मुलांना खेड्यांत हलवण्याची मोहीम हाती घेतली. पहिल्या काही दिवसांतच सुमारे १५ लाख लोक हलवण्यात आले आणि त्यांत बहुसंख्या शाळकरी मुलांची होती. गळ्यात नावाची चिठ्ठी, पाठीवर गॅसपासून बचावाचा मुखवटा, अशा अवस्थेत ही मुले अनोळखी घरांत उतरली. बॉम्बपासून त्यांचे प्राण वाचावेत हा हेतू योग्यच होता. आईपासून एकाएकी दुरावलेल्या चार वर्षांच्या मुलाच्या मनावर काय परिणाम होतो, याची चिंता करणारे मात्र त्या धामधुमीत थोडे होते. त्या थोड्यांपैकी एक होत्या, वर्षभरापूर्वीच व्हिएन्नाहून परागंदा होऊन लंडनला आलेल्या ॲना फ्रॉइड.

मनोविश्लेषणाचे जनक सिग्मंड फ्रॉइड यांच्या कन्या ही त्यांची ओळख आयुष्यभर त्यांना चिकटून राहिली. ती खरीच होती, परंतु अपुरी होती. वडिलांनी प्रौढांच्या आठवणींतून बालपणाचा शोध घेतला. मुलीने प्रत्यक्ष मुलांमध्ये बसून, त्यांचे जेवण, झोप, भांडणे आणि रडणे टिपत तो शोध पुढे नेला. मूल अडचणीत असेल तर मदत कोठे मिळावी, कोणी द्यावी आणि त्या मदतीत आईवडिलांचे स्थान काय असावे, या प्रश्नांवर त्यांनी जवळजवळ सहा दशके काम केले.

ॲना यांचा जन्म ३ डिसेंबर १८९५ रोजी व्हिएन्ना येथे झाला. सिग्मंड आणि मार्था फ्रॉइड यांच्या सहा अपत्यांपैकी त्या शेंडेफळ. त्यांच्या जन्माच्या सुमारास घरात योझेफिने नावाची एक दाई आली आणि पुढील काही वर्षे ॲना यांच्या बालविश्वाचा मुख्य आधार तीच राहिली. जन्म देणारी आई आणि रोज जवळ असणारी व्यक्ती वेगळी असू शकते, ही गोष्ट ॲना यांना पुस्तकांतून शिकावी लागली नाही. शालेय शिक्षण पूर्ण झाल्यावर त्या विद्यापीठात गेल्या नाहीत. ज्या शाळेत शिकल्या त्याच शाळेत त्यांनी सुमारे पाच वर्षे प्राथमिक वर्गांना शिकवले. क्षयाच्या विकारामुळे प्रकृती खालावल्याने १९२० मध्ये त्यांनी शिक्षकी सोडली, पण शिक्षिकेची नजर काही सुटली नाही. पुढे ज्या मनोविश्लेषक म्हणून नावारूपाला आल्या, त्या ॲना यांच्याकडे वैद्यकशास्त्राची पदवी नव्हती आणि तिची उणीव त्यांना कधी भासल्याचे दिसत नाही.

त्यांचे स्वतःचे मनोविश्लेषण वडिलांनीच केले. आजच्या व्यावसायिक नीतिनियमांत हे मुळीच बसणारे नाही, आणि त्या काळीही ही बाब फारशी उघडपणे बोलली जात नसे. १९२२ मध्ये व्हिएन्नाच्या मनोविश्लेषण संस्थेने त्यांना सदस्यत्व दिले. पुढच्याच वर्षी वडिलांना जबड्याचा कर्करोग जडला. तेव्हापासून सोळा वर्षे त्यांची शुश्रूषा, पत्रव्यवहार आणि परिषदांतील प्रतिनिधित्व हा सारा भार ॲना यांनी वाहिला. त्यांनी विवाह केला नाही. १९२५ मध्ये चार मुलांना घेऊन अमेरिकेहून व्हिएन्नाला आलेल्या डोरोथी बर्लिंगहॅम या त्यांच्या आयुष्यभराच्या सहचारिणी आणि सहकारी ठरल्या. या चार मुलांसाठी आणि त्यांच्यासारख्या आणखी काहींसाठी हिएट्झिंग या उपनगरात एक छोटी शाळा काढण्यात आली. तेथे शिकवणाऱ्या तरुणांत एरिक एरिकसन होते. त्यांचे मनोविश्लेषण ॲना यांनीच केले आणि बालमनाच्या अभ्यासाची दीक्षाही त्यांना तेथेच मिळाली. अहमदाबादच्या गिरणी कामगारांच्या संपाचा मागोवा घेत महात्मा गांधींवर ग्रंथ लिहिणारे ते हेच एरिकसन.

ॲना यांच्या घडणीत त्या काळच्या व्हिएन्ना शहराचाही मोठा वाटा होता. पहिल्या महायुद्धानंतर शहराची सत्ता समाजवाद्यांच्या हाती होती, आणि बालकल्याणासाठी नगरपालिका पैसा खर्च करत होती. वाट चुकलेल्या मुलांसाठी काम करणारे ऑगस्ट आयकहॉर्न ॲना यांना शहराच्या टोकांवरील वस्त्यांत आणि सुधारगृहांत घेऊन जात. सुखवस्तू घरांतील रुग्णांपलीकडचे जग ॲना यांनी तेथे पाहिले.

१९२७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बालविश्लेषणाच्या तंत्रावरील व्याख्यानांत त्यांनी एक साधी, पण तोवर दुर्लक्षित राहिलेली गोष्ट मांडली. प्रौढ रुग्ण आपल्या त्रासाला कंटाळून स्वतःहून येतो. मूल येत नाही. आपण आजारी आहोत असे त्याला वाटतच नाही. त्रास बहुधा भोवतालच्यांना होत असतो. उपचार घ्यायचे की नाही, हे आईवडील ठरवतात, आणि ते मध्येच थांबवण्याचा अधिकारही त्यांच्याकडेच असतो. म्हणून पालकांचा विश्वास मिळवल्याशिवाय मुलावरील उपचार टिकत नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते. मुलाचे आईवडिलांशी असलेले नाते अजून घडतच असते. त्यामुळे त्याला प्रौढांची पद्धत जशीच्या तशी लावू नये, असेही त्यांनी सुचवले. बर्लिनहून लंडनला गेलेल्या मेलनी क्लाइन यांना हे मान्य नव्हते. मुलाचा खेळ म्हणजेच त्याचे अंतर्मन उलगडणारी भाषा, आणि तिचा अर्थ थेट लावता येतो, अशी त्यांची भूमिका होती. या दोघींमधील वाद पुढे वीस वर्षे धुमसत राहिला.

१९३० मध्ये ॲना यांनी शाळा सुटल्यावर मुलांना सांभाळणाऱ्या नगरपालिका केंद्रांतील शिक्षकांसमोर चार व्याख्याने दिली. दिवसाचे कित्येक तास मुलांसोबत घालवणारी ही मंडळी. मुलाच्या वागण्यातील बदल सर्वप्रथम त्यांनाच दिसतो, आणि मानसिक आधाराची पहिली पायरीही तेच असतात, हे ॲना यांनी ओळखले होते. १९३७ मध्ये एडिथ जॅक्सन या अमेरिकी डॉक्टरांनी दिलेल्या निधीतून व्हिएन्नातील अत्यंत गरीब कुटुंबांतील, नुकत्याच चालू लागलेल्या मुलांसाठी एक पाळणाघर सुरू झाले. तेथे जेवण मुलांसमोर मांडून ठेवले जाई, काय आणि किती खायचे ते मुलाने ठरवायचे, आणि मोठ्यांनी फक्त नोंद करायची. याच वर्षी मुंबईत सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालयाने, म्हणजे आजच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने, भारतातील पहिले बालमार्गदर्शन केंद्र उघडले होते. दोन्ही उपक्रमांचा परस्परांशी संबंध नव्हता, परंतु प्रश्न एकच होता.

व्हिएन्नातील पाळणाघर जेमतेम वर्षभर चालले. मार्च १९३८ मध्ये हिटलरच्या फौजा ऑस्ट्रियात शिरल्या. २२ मार्च रोजी गेस्टापोने ॲना यांना चौकशीसाठी नेले, आणि त्या संध्याकाळी परत येईपर्यंत वृद्ध वडिलांनी तो दिवस कसा काढला असेल याची कल्पनाच केलेली बरी. फ्रॉइड कुटुंबाने ४ जून रोजी व्हिएन्ना सोडले. सिग्मंड यांच्या चार वृद्ध बहिणी मात्र मागे राहिल्या आणि पुढे चौघीही नाझींच्या छळछावण्यांत मृत्युमुखी पडल्या. लंडनमध्ये हॅम्पस्टेड भागातील २०, मॅरेसफील्ड गार्डन्स या घरात २३ सप्टेंबर १९३९ रोजी सिग्मंड फ्रॉइड यांचे निधन झाले. युद्धाला तेव्हा तीन आठवडे झाले होते.

वर्षभराने जर्मन विमानांनी लंडनवर रोज रात्री बॉम्ब टाकायला सुरुवात केली. लोक भुयारी रेल्वेच्या फलाटांवर झोपू लागले. कोणाचे घर पडले होते, कोणाचे वडील सैन्यात होते, कोणाची आई कारखान्यात पाळी करत होती. अशा मुलांसाठी ॲना आणि डोरोथी यांनी हॅम्पस्टेडमधील वेडरबर्न रोडवर १९४१ च्या प्रारंभी एक निवारा उघडला. लवकरच तान्ह्या बाळांसाठी नेदरहॉल गार्डन्स येथे दुसरे घर आणि थोड्या मोठ्या मुलांसाठी एसेक्स परगण्यात तिसरे घर मिळाले. अमेरिकेतील एका मदतसंस्थेने खर्च उचलला आणि तिच्यासाठी दरमहा अहवाल लिहिला जाऊ लागला. युद्धाच्या काळात सुमारे १९० मुले या घरांत राहून गेली.

या घरांचे दार आयांसाठी दिवसरात्र उघडे होते. त्या काळातील रुग्णालये आणि अनाथगृहे पालकांना आठवड्यातून एखादा तास भेटू देत, काही तर तेवढेही नाही. आई येऊन गेली की मूल रडते, शिस्त बिघडते, असे त्यांचे कारण असे. ॲना यांनी हे तर्कशास्त्र उलटे केले. रडणारे मूल त्यांना फारसे काळजीचे वाटत नसे. आई गेल्यावर चटकन शांत होऊन सर्वांशी सारखेच गोड वागणारे मूल अधिक काळजीचे वाटे. कारखान्यातून परतणारी आई रात्री येऊन मुलाला निजवू शकत होती. अंगावर पिणाऱ्या बाळांच्या आयांना शक्य तेथे राहण्याची सोय होती आणि काही आयांना घरकामासाठी तेथेच नोकरी देण्यात आली. भावंडांना सहसा वेगळे केले जात नसे.

या घरांतून हाती आलेली निरीक्षणे पुढे दोन पुस्तकांत प्रसिद्ध झाली. बॉम्बहल्ल्याच्या वेळी मूल आईच्या कुशीत असेल आणि आई शांत असेल, तर बहुतेक मुले त्या अनुभवातून फारशी न डगमगता बाहेर येत. आई थरथरत असेल तर मूलही थरथरे. सुरक्षित खेड्यात, पण आईविना राहिलेल्या मुलांची अवस्था पुष्कळदा याहून बिकट होती. एक-दोन वर्षांचे मूल काही आठवड्यांनी आईला भेटले की तिच्याकडे परक्यासारखे पाही. मोठी माणसे त्याला विसराळूपणा समजत, पण तो आघाताचा परिणाम असे. वडील हल्ल्यात गेल्याचे ठाऊक असलेली काही मुले ते लवकरच परतणार असल्याचे सांगत राहत. त्यांना कोणी खोटे पाडत नसे.

सुरुवातीला घरांची रचना वयोगटांनुसार होती आणि सर्व परिचारिका सर्व मुलांचे सारे काही करत. मुले निरोगी होती, पण बोलणे आणि स्वच्छतेच्या सवयी यांत घरी वाढणाऱ्या मुलांच्या मागे पडत होती. १९४२ मध्ये ॲना यांनी रचना बदलली. चार-पाच मुलांचे एकेक छोटे कुटुंब करून ते एकाच परिचारिकेकडे सोपवण्यात आले. पुढचे काही आठवडे घर डोक्यावर घेतले गेले. मुले आपल्या नव्या आईला चिकटून बसली, दुसऱ्या मुलाने तिला हात लावताच मारामाऱ्या होऊ लागल्या, तिने दाराबाहेर पाऊल टाकताच आकांत सुरू झाला. कर्मचाऱ्यांचे हाल झाले. पण हा गोंधळ ओसरल्यावर तीच मुले भराभर बोलू लागली आणि कपडे ओले करण्याचे प्रमाणही घटले. अर्थात हा उपाय बिनधोक नव्हता. परिचारिका नोकरी सोडून गेली की मुलाच्या वाट्याला दुसरा वियोग येई आणि हे ॲना यांनी अहवालांत लपवले नाही.

कर्मचाऱ्यांत निर्वासितांचा भरणा मोठा होता. येथे काम करणाऱ्या प्रत्येकाला मुलांविषयी जे दिसेल ते कार्डावर लिहून द्यावे लागे, मग तो स्वयंपाकघरातला असो की तळघरातला. बॉयलर आणि किरकोळ दुरुस्त्या पाहणारे स्कॉटिश तरुण जेम्स रॉबर्टसन हेही अशी कार्डे लिहीत. युद्धानंतर ते मानसोपचार क्षेत्रातील समाजसेवक झाले. जॉन बोल्बी यांच्यासोबत काम करताना त्यांनी १९५२ मध्ये रुग्णालयात एकट्या राहिलेल्या दोन वर्षांच्या मुलीवर एक लघुपट तयार केला. डॉक्टरांनी त्यांच्यावर झोड उठवली, पण लघुपट पुसता येण्यासारखा नव्हता. १९५९ मध्ये प्लॅट समितीने रुग्णालयातील मुलांना पालकांनी केव्हाही भेटावे, अशी शिफारस केली. आज बालरुग्णाच्या खाटेशेजारी आई बसलेली दिसते, त्यामागील इतिहासात बॉयलरजवळ बसून लिहिलेल्या त्या कार्डांचाही वाटा आहे.

१९४५ मध्ये युद्ध संपले आणि ही घरे बंद झाली. त्याच वर्षी थेरेसिएनश्टाट छळछावणीतून वाचलेली सहा जर्मन-ज्यू मुले इंग्लंडमध्ये आणली गेली. वये तीन ते चार वर्षे. आईवडील बाळपणीच मारले गेलेले. फ्रॉइड यांच्या चारही बहिणींना नेण्यात आले होते तीच ही छावणी. मुलांची सोय ससेक्स परगण्यातील बुलडॉग्ज बँक नावाच्या घरात झाली. हॅम्पस्टेडच्या घरांत काम केलेल्या सोफी आणि गेरट्रूड डान या भगिनींकडे त्यांची जबाबदारी देण्यात आली आणि त्यांच्या नोंदींवरून ॲना यांनी १९५१ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला.

मुलांनी पहिल्याच दिवसांत खेळणी मोडली, सामानाची नासधूस केली, मोठ्यांना चावे घेतले किंवा ती जागेवर नाहीतच असे वागून दाखवले. एकमेकांशी मात्र त्यांचे वर्तन अगदी निराळे होते. एकाला फिरायला नेले तर तो उरलेल्या पाचांविषयी विचारत राही. खाऊ मिळाला की आधी शेजारच्याच्या हातात जाई. भावंडांत हमखास दिसणारा मत्सर त्यांच्यात जवळजवळ नव्हता. ज्यांना आई कधी मिळालीच नाही त्यांनी एकमेकांतच घर शोधले होते. वर्षभरात ती इंग्रजी बोलू लागली, दोन्ही बहिणींना हळूहळू जवळ येऊ देऊ लागली; आणि गंमत म्हणजे मोठ्यांवर जीव जडू लागताच त्यांच्यात मत्सरही डोकावू लागला. भय, हट्ट, अंगठा चोखणे हे सारे होते, परंतु ती वेडी किंवा भावनाशून्य झाली नव्हती. आईविना वाढलेले मूल कायमचे बिघडते, असा सरसकट निष्कर्ष काढणाऱ्यांना या निबंधाने थांबून विचार करायला लावले.

१९४७ मध्ये ॲना यांनी बालउपचाराचा प्रशिक्षण अभ्यासक्रम सुरू केला. त्याला जोडून १९५२ मध्ये मॅरेसफील्ड गार्डन्सवरच हॅम्पस्टेड चिकित्सालय उघडले. तेथे मुलावर उपचार होत असताना पालकांच्याही नियमित भेटी घेतल्या जात. आजार नसलेल्या बाळांच्या आयांसाठी सल्लाकेंद्र होते, वस्तीतील मुलांसाठी बालवाडी होती, आणि डोरोथी यांच्या देखरेखीखाली अंध मुलांचा व त्यांच्या आयांचा स्वतंत्र गट होता. आपल्याकडे पाहून न हसणाऱ्या बाळाशी आईने नाते कसे जोडावे, असा प्रश्न घेऊन या आया येत. मूल आजारी ठरण्याआधीच कुटुंबाला गाठता यावे, अशी ही व्यवस्था होती. मूल अंगठा चोखते किंवा रात्री भिते एवढ्यावरून निदान करू नये. खाणे, झोप, मैत्री, अभ्यास अशा प्रत्येक वाटेवर ते कोठवर आले आहे ते पाहावे, असा त्यांचा आग्रह असे. १९६५ च्या ग्रंथात त्यांनी ही मांडणी सविस्तर केली.

या पद्धतीच्या मर्यादाही मोठ्या होत्या. आठवड्यातून पाच दिवस, वर्षानुवर्षे चालणारा उपचार फारच थोड्या मुलांच्या वाट्याला येऊ शकत होता आणि तोही परदेशी देणग्यांच्या बळावर. सर्वांत जवळचे उदाहरण तर घरातलेच होते. बर्लिंगहॅम यांच्या मुलांवर ॲना यांनी दीर्घकाळ उपचार केले, तरी थोरल्या दोघांना प्रौढपणीही मानसिक त्रासाने सोडले नाही. उपचार करणारी व्यक्ती कुटुंबाचाच भाग असल्याने त्यांना मोकळे होता आले नाही, असे मानणारे अभ्यासक आहेत. बोल्बी यांच्या वियोगाविषयीच्या सिद्धांताशी ॲना यांचे बरेचसे जुळत असूनही त्यांनी तो पूर्णतः स्वीकारला नाही. क्लाइन यांच्याशी असलेल्या वादात १९४०च्या दशकात ब्रिटिश मनोविश्लेषण संस्था फुटण्याच्या बेतात आली होती. शेवटी प्रशिक्षणाच्या वेगवेगळ्या वाटा मान्य करून ती सावरली.

साठीनंतर त्यांनी एका नव्या क्षेत्रात पाऊल टाकले. अमेरिकेतील येल विद्यापीठात कायद्याचे प्राध्यापक जोसेफ गोल्डस्टीन आणि बालमानसोपचारतज्ज्ञ अल्बर्ट सॉल्निट यांच्यासोबत त्या मुलांच्या ताब्यावरून चालणाऱ्या खटल्यांचा अभ्यास करू लागल्या. १९७३ मध्ये तिघांचे पुस्तक आले. रक्ताच्या नात्यापेक्षा मुलाची रोज काळजी घेणारी व्यक्तीच त्याच्या दृष्टीने खरी पालक असते, आणि न्यायालयाची एक तारीख म्हणजे तीन वर्षांच्या मुलासाठी युगासारखी असते, हे त्यांनी न्यायाधीशांपुढे मांडले. मूल ज्याच्याकडे सोपवले जाईल त्यानेच दुसऱ्या पालकाच्या भेटीगाठी ठरवाव्यात, या त्यांच्या शिफारशीवर कडक टीका झाली, आणि ती रास्तही होती. न्यायालयीन विलंबाविषयीचा मुद्दा मात्र अनेक देशांतील बालकायद्यांच्या चर्चेत आजही येतो.

१९६७ मध्ये ब्रिटिश सरकारने त्यांना सन्मानित केले. १९७१ मध्ये आंतरराष्ट्रीय मनोविश्लेषण परिषदेच्या निमित्ताने, तेहेतीस वर्षांनी, त्यांनी व्हिएन्नात पुन्हा पाऊल ठेवले. पुढे तेथील विद्यापीठाने त्यांना वैद्यकशास्त्राची सन्माननीय पदवी दिली. डोरोथी १९७९ मध्ये गेल्या. ९ ऑक्टोबर १९८२ रोजी लंडनमध्ये ॲना यांचे निधन झाले. चिकित्सालयाला नंतर त्यांचे नाव देण्यात आले. २०१९ मध्ये ते हॅम्पस्टेड सोडून किंग्ज क्रॉस भागातील मोठ्या वास्तूत गेले. मुले, तरुण आणि कुटुंबे यांच्या मानसिक आरोग्यासाठी तेथे काम चालते. २०, मॅरेसफील्ड गार्डन्स येथे १९८६ पासून फ्रॉइड संग्रहालय आहे. तळमजल्यावर सिग्मंड यांचा प्रसिद्ध कोच पाहण्यासाठी गर्दी होते. वरच्या मजल्यावरील एका खोलीत ॲना यांचा हातमाग ठेवलेला आहे.